कोपऱ्यातलं ताट

हॅलो? … दुकान बंद आहे, पाचला या… कोण? … जोरात बोला, स्टोव्ह घुरघुरतोय, ऐकू येत नाही…

अगं, चिहारू! … मग नाव सांगायचं ना आधी. 'हॅलो, मी' म्हणे. मी कोण? सगळ्या जगाच्या बायका मीच असतात.

हो… हो, मिळालं… मिळालं म्हणते ना! कोर्टाचं पाकीट मिळालं. होतील आता बारा-तेरा दिवस.

नाही, उघडलं नाही.

बरं, उघडलं. वाचलं. परत पाकिटात घातलं. पाकीट खणात घातलं आणि खण लावून टाकला.

शुक्रवार? … शुक्रवारी सेंदाईच्या कोर्टात पोचायचं म्हणजे उद्या सकाळी टाकायला हवं. … मला नको शिकवूस. बर्फात टपालाला किती दिवस लागतात ते मी सत्तर वर्षं बघतेय.

नाही भरणार तो कागद… हो, नाही म्हणजे नाही. बायको तू. अर्ज तू केलास. बेपत्ता इसम मृत समजण्यात यावा. शब्द बघ ना मेल्यांचे. समजण्यात यावा! समजा मग. माझ्या घरी कागद कशाला पाठवता?

… आईचं म्हणणं लागतं. बरं. आईला काही म्हणायचं नाही. असं कळव त्यांना.

रडू नकोस… मग सर्दी झालीय का?

ऐक. तुझ्या त्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याबद्दल मी कधी वाकडं बोलले? … कुबोता, हो, कुबोता. नाव लक्षात आहे माझ्या. मुद्दाम घेत नाही. चांगला माणूस आहे. दर डिसेंबरला सफरचंदांची पेटी येते त्याची, वर चिठ्ठी असते, 'थंडीत जपा.' वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी हासडल्या असत्या. चांगल्या माणसाचं काय करायचं? सफरचंदं खायची. खाल्ली.

… हो. एप्रिल. नवी शाळा. पोरीचं, सुमिरेचं, नवं आडनाव. मागच्या फोनला सांगितलंस. त्याच्या मागच्या फोनलाही.

मग ठेव फोन! … नाही, तू ठेव. मी आधी ठेवत नाही, तुला माहितेय… खोड म्हण, काही म्हण. सहा वर्षांत मी कुणाचा फोन आधी ठेवला नाही. विमा विकणाऱ्याचासुद्धा नाही. तोच बिचारा कंटाळून ठेवतो.

…

आहेस ना?

चिहारू… आज मला नको भांडायला लावूस. आज दिवसच वाईट गेलाय… नाही, बीपी नाही. गोळी घेतली… पडलेही नाही. … चोर? आमच्या बंदरात? चोराला चोरायला काहीतरी लागतं.

एक परदेशी आला होता.

… परदेशी गं, पाठीवर पिशवी, दाढी, अस्वलाएवढा. दारातून वाकून आत आला तरी कपाळ आपटलंच त्याचं. आपली भाषा एक अक्षर येत नव्हती.

त्यानं ताट खाल्लं.

… कोणतं काय कोणतं! तात्सुरोचं. कोपऱ्यातलं.

…

हो. सगळं.

… कसं खाऊ दिलं? असं विचारतेयस जसं काही मी वाढलं त्याला! … अगं ऐक ना, मधे बोलू नकोस. पहिल्यापासून सांगते. नाहीतर तू तिकडे भलतंच समजशील.

दोनच्या सुमाराला दारावरचा पडदा मी आत घेतला, दुकान बंद केलं. दुपारचं गिऱ्हाईक संपलं. गिऱ्हाईक म्हणजे तरी काय, सावादा आजोबा आणि बर्फ उपसणारे दोघे. मग मी रोजच्यासारखं ताट मांडलं. भात, मिसोचं सूप, झाकणाच्या वाटीत. नात्तो, आंबवलेलं चिकट सोयाबीन. मुळ्याचं लोणचं. आणि शिओकारा, त्याला लागतं तसं, माकूळ त्याच्याच काळजात खारवलेलं, वाटीभर. त्याच्या जागेवर, खिडकीपाशी, जिथून धक्का दिसतो… हो, अजूनही तिथेच. कुठे हलवू? आला तर त्याच जागी येऊन बसेल ना?

नाही गं, पाटी कशाला लागतेय! गावात सगळ्यांना माहीत आहे. दुकान गच्च भरलं तरी सावादा उभ्यानं जेवतो, पण त्या स्टुलाला हात लावत नाही. कुत्रंसुद्धा खालून जात नाही तिथून. घरचा माणूस लांब गेलाय, त्याचं ताट मांडायचं म्हणजे तिकडे तो उपाशी राहात नाही. आपल्यात जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागतं का? म्हणून नाही लावली पाटी. चूक माझीच, माणसं फक्त आपल्यातलीच येतील असं धरून चालले.

मग हा आला. बंद आहे म्हणून मी तोंडासमोर हात हलवला. त्यानंही हलवला. हसला वर. त्याला वाटलं म्हातारी नमस्कार करतेय.

आणि मग त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. फोनमध्ये काय होतं सांग.

… नाही. … नाही. सांगते. ताटाचा फोटो!

तेच ताट. तीच खिडकी, तोच धक्का, तीच निळी वाटी. खाली ठळक अक्षरात 'बंदरावरच्या आईच्या हातचं.' स्टेशनात लावलंय म्हणे, माणसाएवढं मोठं. नगरपालिकेच्या पर्यटन खात्यात तो नवा चष्मिस आलाय, मोरिओकाचा, तो शरद ऋतूत येऊन फोटो काढून गेला होता. मला म्हणाला, आजी, दुकानाचे चार फोटो काढतो. काढ म्हटलं. भिंतीवर एवढ्या पदार्थांच्या पाट्या आहेत, काचेच्या कपाटात मासे आहेत, आणि या गाढवाला फोटो काढायला हेच सापडलं. विचारलं नाही, सवरलं नाही. म्हणे सगळ्यांत सुंदर तेच दिसत होतं! … आत्ताच केला त्याला फोन. तू करायच्या आधी. जे तोंडाला आलं ते बोलले… रडला तो. तोही रडला. आजकाल सगळ्यांना फक्त रडता येतं.

तर मी फोटो बघून गोठलेच. तेवढ्यात त्याचा फोनही थंडीनं मेला. पडदा काळा. त्यानं झटकला, फुंकर घातली, छातीशी धरून ऊब दिली. मेला तो मेला. मग त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि असा चेहरा केला, चिहारू… भुकेला भाषा लागत नाही. मला दया आली. आली, काय करू! मी पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांब, देते काहीतरी. हातानं 'बस' केलं. कुठे बस ते नाही सांगितलं.

मागे गेले. चुलीवर मासा टाकला. भात घेतला.

बाहेर येऊन बघते तर हा बसलाय.

… हो. तिथेच. का नाही बसणार? तू त्याच्या जागी असतीस तर कुठे बसली असतीस? स्टेशनात चित्र बघितलंय, चित्रातली जागा समोर आहे, चित्रातलं जेवण वाढून ठेवलंय, वाफ येतेय. त्याला वाटलं असेल, काय देश आहे, माणूस यायच्या आत पान वाढून तयार.

सुपाच्या वाटीचं झाकण काढलं त्यानं.

… हो. आले होते. थेंब आले होते आतून. रोज येतात.

आणि त्यानं ते झाकण, छत्री झटकतात ना, तसं झटकलं. जमिनीवर. मग पालथं ठेवलं.

…

चिहारू? … हं.

मी उभी होते मधल्या पडद्याआड, हातात माशाची बशी. अडवणार होते त्याला. पण कसं? कुठल्या भाषेत सांगू? हे ताट माझ्या मुलाचं आहे, तो माकुळाच्या बोटीवर गेलाय, सात जण गेले होते, पाच सापडले, हा सापडला नाही, म्हणून जेवायचा आहे अजून. हे हातवाऱ्यांनी सांगून दाखव बघू तू.

केलं ना! करून बघितलं. पुढे गेले, ताटाकडे बोट केलं, मग खिडकीबाहेर समुद्राकडे बोट केलं. दोनदा केलं. ताट, समुद्र. ताट, समुद्र. त्यानं समुद्राकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि अंगठा वर केला. त्याला वाटलं, मी सांगतेय मासळी ताजी आहे.

हस. हस तू… नाही, खरंच हस. मलाही त्या क्षणी हसू फुटणार होतं. म्हणूनच पुढचं काही करता आलं नाही.

आवडलं? कसलं आवडतंय! नात्तोच्या वाटीतली मोहरीची पिवळी गोळी आख्खी तोंडात टाकली. डोळ्यांतून धारा. मग नात्तो उचलला तर तार सुटली, ती दाढीत अडकली. दुसऱ्या हातानं काढायला गेला तर तिकडेही तार. कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या माशीसारखा झाला. वास घेतला, मान मागे घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि मी बघतेय म्हटल्यावर हसून गिळलं. गिळलं हं, चावलं नाही. पुढे शिओकारा. ते तर बघूनच त्याचा रंग उडाला. ते लाल, बुळबुळीत… तूसुद्धा लग्न होऊन आलीस तेव्हा हातरुमालात गुंडाळून खिशात टाकलं होतंस, मला माहीत नाही असं वाटतं तुला? … हो! धुतलाय तो रुमाल मी.

त्यानं खाल्लं. एक घास, वर एक पेला पाणी. दुसरा घास, आणखी एक पेला. घाम फुटला त्याला, स्टोव्हपासून एवढ्या लांब बसून. शेवटचा तुकडा असा डोळे मिटून टाकला जसं काही औषध आहे. पण वाटी रिकामी केली. कुणीतरी शिकवलं असणार, या देशात टाकायचं नसतं पानात. मोठा शहाणा. नको होतं तर टाकायचं होतंस रे बाबा! टाकलं असतंस तर बरं झालं असतं!

… का नाही थांबवलं? मीही हेच विचारतेय मघापासून स्वतःला.

सांगू? तुला राग येईल.

सहा वर्षं मी ते ताट मांडते. संध्याकाळी गार झालं की मीच खाते. रोज. गार भात, साका धरलेलं सूप, मुलाचं म्हणून वाढायचं आणि स्वतःच गिळायचं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवर माणूस बसून जेवत होता. गरम गरम. पाठ वाकवून. बाहेर बर्फ पडत होता. माझ्या तात्सुरोसारखा नव्हता गं, जराही नव्हता, खाण्याची तऱ्हाही नाही, तो बसला असता तर दोन मिनिटांत वाटी चाटून पुढची मागितली असती. हा बापडा शिक्षा भोगत होता. तरी पण… कुणीतरी खात होतं. मला वाटलं, खाऊ दे. हा उठला की मी पुन्हा मांडते. कोणाला कळतंय. देवाला सांगेन, चुकून पाहुणा आला.

तेवढंच असतं तर मी हे तुला सांगितलंही नसतं.

…

थांब जरा. घोटभर पाणी पिते.

हं.

जेवण झालं. भात तेवढा अर्धी वाटी उरला होता, पाण्यानंच पोट भरलं असणार. तो आता जेवायच्या काड्या ठेवायला जागा शोधतोय. तिथे तो दगड आहे ना, सुमिरेनं धक्क्यावर वेचून दिलेला, बाबाच्या काड्या टेकवायला, पांढरा, चपटा. … हो, अजून आहे. त्याला काय माहीत तो कशासाठी. मगाशीच त्यानं तो उचलून बघितला होता, शोभेचा समजून अगदी जपून बाजूला ठेवला होता. तर आता काड्या कुठे ठेवणार? ताटात ठेवाव्या तर नात्तोनं सगळं चिकट. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि…

भातात खोचल्या. उभ्या. दोन्ही.

… हो.

हो, चिहारू. उभ्या.

आणि मग हात जोडले. कुठेतरी बघितलं असेल त्यानं, इथे लोक जेवल्यावर हात जोडतात. डोळे मिटले, मान खाली घातली, आणि तसाच बसून राहिला. चांगलं वळण गं. हात जोडणं बरोबरच होतं त्याचं.

पण बघ ना समोर काय झालं ते. वाटीत भात, त्यात उभ्या काड्या, पुढे हात जोडून बसलेला माणूस. तुझ्या सासऱ्यांच्या उशाशी आपण मांडलं होतं ना? तेच. तसंच. जिवंताच्या काड्या आडव्या, मेलेल्याच्या उभ्या, हे आपल्यात पोर बोलायला लागायच्या आत शिकतं, भातात काडी उभी केली की आई थोबाडीत देते. सहा वर्षं मी ते ताट जिवंताचं म्हणून राखलं. फोटो लावला नाही तिथे. उदबत्ती कधी दुकानात पेटवली नाही. देवळातला भिक्षू दरवर्षी येतो, मेल्यानंतरचं नाव ठेवून घ्या म्हणतो, त्याला दारातच चहा पाजून वाटेला लावते. आणि हा कुठल्या देशाचा कोण, त्यानं एका मिनिटात करून टाकलं. ना शत्रू, ना सोयरा.

मी ओरडले.

… 'मेला नाही तो!' असं ओरडले. हातातली बशी पडली, फुटली. तो उडालाच. डोकं दिव्यावर आपटलं. मला बघून पांढरा पडला. काय चुकलं ते त्याला कळेना, वाटी उचलू की बशीचे तुकडे उचलू. मी दाराकडे बोट केलं. एवढं मात्र बरोबर समजला. कमरेत वाकत वाकत, उलटा चालत गेला. मफलर राहिला त्याचा. लाल आहे, हातानं विणलेला. कुणीतरी विणून दिलेला असणार. त्याची आई असेल.

… कुठे जाणार? बस थांब्यावर बसलाय. इथून दिसतोय. चार चाळीसशिवाय बस नाही, त्याला काय वेळापत्रक वाचता येतंय! त्या पत्र्याच्या आडोशाला बसलाय, कॉलर वर करून… हो, बर्फ पडतोय… अगं बोलाव काय बोलाव! कुठल्या तोंडानं बोलावू? आणि फोन तुझा चालू आहे.

… ताट?

तसंच आहे.

… नाही काढल्या.

नाही काढल्या म्हणते ना! उभ्या आहेत. बघतेय मी त्यांच्याकडे इथून. फोनची वायर तिथपर्यंत पोचत नाही.

… अगं काढते काय, काढल्यानं काय होणार! मीही पहिल्यांदा धावले काढायला. हात पुढे केला. काड्यांना बोट लागलं. आणि मग मला… मला कंटाळा आला, चिहारू.

असा कंटाळा आला गं. काढायच्या, पुसायच्या, आडव्या ठेवायच्या. उद्या पुन्हा भात. पुन्हा सूप.

तुला एक सांगू? ते थेंब. झाकणाचे थेंब. आत थेंब धरले की माणूस खुशाल आहे, हे माझ्या सासूनं मला शिकवलं, मी तुला शिकवलं. पहिल्या वर्षी तू रोज फोन करून विचारायचीस ना, 'आई, आज थेंब आले?' आणि मी म्हणायचे, आले गं, भरपूर आले.

मी सूप उकळतं ओतायची. अगदी खळखळतं. वर झाकण घट्ट दाबून दहा मिनिटं ठेवायची. चाळीस वर्षं चुलीपुढे गेलीत माझी, वाफ म्हणजे काय मला कळत नाही? गरम सुपावर झाकण ठेवलं की थेंब येणारच. चोराच्या ताटाला येतील, मेल्याच्या ताटाला येतील. तुझ्या सासऱ्यांनी एकदा बघितलं मला दाबताना. काही बोलले नाहीत. जाईपर्यंत बोलले नाहीत.

तुला खोटं सांगितलं मी. रोज. वर्षभर. आणि तू विचारायचं बंद केलंस तेव्हा तुझा राग आला मला. हिला आता नको झालाय तो, असं म्हटलं. सावाद्यापाशी म्हटलं, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हटलं.

… माहीत होतं?

केव्हापासून?

…

मग बोलली का नाहीस, भवाने!

… हं… हं. … बरोबर आहे. मलाही तेच वाटायचं, तुला तेवढाच आधार.

दोघी मूर्ख.

थांब, ठेवू नकोस. खण उघडते. … किल्ली कुठे… इथेच फोनखाली आहे, खण फोनखालीच आहे. … हं. चष्मा. … पेन चालत नाही… चाललं.

गप्प बस. मी लिहितेय. मग तू बोलायला लागलीस की पुन्हा खणात जाईल ते.

पहिला. 'बेपत्ता व्यक्तीशी नातं.' आई. … दुसरा. 'शेवटचं केव्हा पाहिलं.' नोव्हेंबरची नऊ तारीख, पहाट, धक्क्यावर. त्या मालकानं वाऱ्याचा इशारा असून बोट काढली होती, ते लिहू का? … जागा नाही म्हणा. दोनच रेघा आखल्यात त्यांनी. माणूस दोन ओळींत बसवायचा.

तिसरा. 'शेवटचं बोलणं केव्हा, कशानं, काय झालं.'

…

आहे मी. लाइन गेली नाही.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. … नाही, शेवटचा फोन तुला नव्हता आला. तुला आला तो रात्री आठ वाजता. मला त्यानंतर आला. दुकानात, याच फोनवर. बोटीवरून, वारा एवढा की अर्धे शब्द उडत होते.

जेवायला बसले होते ते. मी बरणी दिली होती शिओकाराची, बोटीवरच्या सगळ्यांसाठी. म्हणाला, 'आई, या वेळी मीठ फार झालंय. मंडळी हसतायत मला. पाण्याचं पिंप संपेल.'

तेवढंच. चेष्टेत म्हणाला गं. मागे बाकीचे हसत होते, ऐकू आलं मला. आणि माझं दुकान भरलेलं, तवा जळतोय, त्या दिवशी पाठ धरलेली. मी म्हटलं, 'मग खाऊ नकोस.' आणि आपटला फोन.

…

हं.

'मग खाऊ नकोस.'

नाही… नाही, तू नको समजावूस. तू समजावायला लागलीस की मला तुझा राग येतो. लिहिते. 'टेलिफोनने. स्वयंपाकाविषयी.' पुरे त्यांना एवढं.

आणि ऐक. आज तो परका शिओकारा खाताना पेल्यामागून पेला पाणी प्यायला. माझा जीव गेला. मीठ फारच आहे गं त्यात. सहा वर्षं मी मापात एक चिमूट कमी केली नाही. हट्टानं. तात्सुरोचंच बरोबर होतं, मीठ फार होतं. ते त्याला सांगायचं राहिलं.

चौथा. 'आपल्या मते सदर व्यक्ती जिवंत असण्याची शक्यता आहे काय?'

सदर व्यक्ती.

… काय लिहू?

… नाही, तू सांग. बायको आहेस त्याची. … नाही सांगत? बरं.

…

त्या काड्या अजून उभ्या आहेत, चिहारू. भात गार झाला की घट्ट धरतो. आता सहज नाही पडायच्या.

लिहिलं.

… तेच लिहिलं. तुझं काम होईल. सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारतेय, थांब… जरा वाकडा आला. चालेल ना? … शिक्क्याला काय, वाकडा असला तरी शिक्काच. सकाळी पहिल्या गाडीनं जाईल. सुमिरेला नवं दप्तर घेणार असशील तर निळं घे, लाल तिला कधीच आवडलं नाही… हो. आणि कुबोताला सांग, सफरचंदं गोड होती.

पुरे गं. रडू नकोस आता. तुला सर्दी झालीय ना.

… काय म्हणालीस? ताट? … उद्याचं? नाही मांडणार. … अगं माहीत नाही! सकाळी हात आपोआप जाईल वाटीकडे, तेव्हा बघू. आज मला काही विचारू नकोस.

अरे देवा.

… नाही, बस आली. खिडकीतून… आली, आली, थांबली… उठला तो. मफलर! … अगं त्याचा मफलर इथे आहे ना! स्टुलावर! … थांब, मी… तू ठेव ना पटकन! ठेव फोन! … ठेवतेयस की नाही! … अगं 'तुम्ही ठेवा' काय, तुला माहितेय मी…

वळून बघतोय. इकडेच बघतोय, दुकानाकडे. वाकला. बसच्या दारात उभा राहून वाकला, चिहारू, त्याला अजून वाटतंय त्याचंच काहीतरी…

गेली.

…

गेली बस. बर्फात लगेच दिसेनाशी होते.

दहा पावलं होती. धावले असते तर गाठली असती. बस चालवणारा माकिता आहे, हात केला असता तर थांबला असता. आणि मी इथे, ही वायर हातात धरून. कुणाचा फोन आधी ठेवायचा नाही म्हणे. एकाचा आपटला म्हणून जन्मभर सगळ्यांचे धरून बसायचे. काय मिळालं? ना तो परत आला, ना हा थांबला.

… नाही, नाही रडत. स्टोव्हचं रॉकेल संपलंय, त्याचा धूर.

मफलर? ठेवते. कुठे पाठवणार? नाव नाही, गाव नाही. खुंटीला राहील. येईल कधी तर… नाही. कशाला येतोय तो! मी आता कुणाची वाट बघणार नाही, चिहारू. एक संपली तेवढी पुरे.

… नाही. तू नको ठेवूस.

तू थांब. कानाला धर तसाच.

आज मी ठेवते.